वेण्णा लेकच्या काठावर दव गोठतं, मग तलाव का गोठत नाही?



डिसेंबर-जानेवारी आला की वर्तमानपत्रात एक फोटो हमखास दिसतो. महाबळेश्वरचा वेण्णा लेक, काठावरच्या गवतावर आणि बोटीच्या धक्क्यावर पांढरी साखर भुरभुरल्यासारखा थर, आणि खाली ओळ : "महाबळेश्वरात दवबिंदू गोठले." फोटो नीट बघा हं. गवतावर बर्फ आहे, गाड्यांच्या टपावर बर्फ आहे, धक्क्याच्या फळ्यांवरही आहे. आणि शेजारी दोन हातांवर तलावाचं पाणी मात्र मजेत हलतंय! त्यावर बर्फाची एक टिकलीसुद्धा नाही. उलट त्यातून वाफा निघताना दिसतात.

असं का बरं होतं? दोघांवर थंडी एकच, रात्र एकच. मग एक गोठतो आणि दुसरा नाही, असं का?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. याचं उत्तर ज्याला समजलं त्याला तलावाचं पाणी कोणत्या ऋतूत कसं वागतं हे कळतं. आणि सहलीला गेल्यावर कोणत्या पाण्यापासून सावध राहायचं हेही कळतं. म्हणून आजचा हा पाठ. शेवटी घरी आणि शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोगही दिला आहे.

थोडी ओळख : वेण्णा लेक

महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. वेण्णा लेक हा निसर्गतः तयार झालेला तलाव नाही, तो बांधलेला आहे. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधून घेतला. झऱ्यांचं पाणी अडवून केलेला हा तलाव साधारण २८ एकरांचा आहे. आपण तिथे बोटिंगला जातो, मक्याचं कणीस खातो, घोड्यावर बसतो. पण महाबळेश्वर-पाचगणीला पिण्याचं पाणीही याच तलावातून मिळतं, हे कितीजणांना माहीत असतं? इथली वेण्णा नदी पुढे कण्हेर धरणातून जाते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते.

पहिली गोष्ट : हवेचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान नव्हे

मोबाईलवर आपण बघतो, "आज महाबळेश्वर १० अंश." हा आकडा हवेचा असतो. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तो गवताचं तापमान सांगत नाही आणि तलावाचंही सांगत नाही.

पाणी गरम व्हायला खूप उष्णता लागते आणि थंड व्हायला तेवढीच उष्णता बाहेर टाकावी लागते. १ किलो पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. १ किलो हवेला त्याच्या साधारण पाव भागच पुरते. दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' या प्रकरणात याला विशिष्ट उष्माधारकता म्हटलं आहे.

चला, एक छोटं गणित करू. समजा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा तलावाचा एक चौकोन घेतला आणि तिथे पाणी ३ मीटर खोल आहे.

- त्या चौकोनाखाली पाणी किती? ३ घनमीटर, म्हणजे ३,००० लिटर, म्हणजेच ३,००० किलो.
- ते १ अंशाने थंड व्हायला किती उष्णता बाहेर जायला हवी? ३,००० किलोकॅलरी.
- आता त्याच चौकोनाच्या वरची ३ मीटर उंचीची हवा घ्या. तिचं वजन भरेल साधारण साडेतीन किलो! तिला १ अंशाने थंड व्हायला १ किलोकॅलरीसुद्धा लागत नाही.

एकीकडे तीन हजार, दुसरीकडे जेमतेम एक. आता सांगा, रात्रीत कोण पटकन थंड होणार? हवा संध्याकाळी २२ अंश असेल तर पहाटे ८ वर येऊ शकते. त्याच रात्रीत आपल्या या ३ मीटर खोल पाण्याचं तापमान एक अंशसुद्धा उतरत नाही. आणि सकाळी ऊन आलं की गेलेल्यापैकी बरीचशी उष्णता परत जमा होते.

मी वर्गात हे असं सांगते : हवा म्हणजे खिशातले सुटे पैसे, येतात तसे जातात. तलाव म्हणजे बँकेतली ठेव. हळूहळू साठते आणि हळूहळूच संपते.

मग दव का गोठतं?

दवाच्या थेंबात पाणी असतं किती? टाचणीच्या डोक्याएवढं. त्याची ठेव एका रात्रीत संपते.

शिवाय आणखी तीन कारणं आहेत.

एक : रात्री आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की गवत, पानं, गाडीचा पत्रा यांच्यातली उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. ढग असते तर त्यांनी गोधडीसारखं काम केलं असतं. त्यामुळे गवताचं पातं आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणून तापमापक ४-५ अंश दाखवत असताना गवतावर मात्र शून्याच्या खाली तापमान जाऊ शकतं. "तापमान तर शून्याच्या वर होतं, मग बर्फ कसा?" या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

दोन : थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत येते आणि सखल भागात साठते. वेण्णा लेकचा परिसर आजूबाजूच्या भागापेक्षा खोलगट आहे. म्हणून बाजारपेठेत नुसती थंडी असते आणि वेण्णा लेक, लिंगमळा या भागात हिमकण दिसतात.

तीन : धक्क्याची फळी पातळ असते आणि खालून मोकळी असते. तिला जमिनीची ऊब मिळत नाही.

या पांढऱ्या थराला आपल्याकडे 'दहिवर' असा छान मराठी शब्द आहे. सगळंच दहिवर गोठलेल्या दवाचं नसतं बरं का! पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असेल तर हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फाच्या कणांच्या रूपात त्यावर बसते.

४ अंशांची करामत

आता तलावाकडे वळू. तलावाचा वरचा थर रात्री थंड होतो. थंड झालेलं पाणी जड होतं आणि खाली बसतं. खालचं थोडं कोमट पाणी वर येतं, मग ते थंड होतं, मग ते खाली जातं. म्हणजे वरचा थर एकटा थंड होऊच शकत नाही. गोठायचं असेल तर सगळ्या तलावाला आधी थंड व्हावं लागतं.

किती थंड? तर ४ अंश सेल्सिअसपर्यंत. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं. १ लिटर पाण्याचं वजन ४ अंशाला १,००० ग्रॅम भरतं, २० अंशाला सुमारे ९९८ ग्रॅम आणि ३० अंशाला ९९६ ग्रॅमच्या जरा खाली. फरक दिसायला किरकोळ, पण तलावात थर पाडायला तेवढा पुरतो.

४ अंशाच्या खाली गेलं की पाणी उलटं वागायला लागतं. ते आणखी थंड होताना प्रसरण पावतं, हलकं होतं आणि वरच राहतं. मगच वरचा थर झटकन शून्यावर येऊन गोठू शकतो. यालाच पाण्याचं असंगत आचरण म्हणतात. दहावीच्या मुलांना होपचं उपकरण आठवत असेल, ते हेच दाखवण्यासाठी असतं.

महाबळेश्वरात थंडीच्या लाटेतसुद्धा दुपारी चांगलं ऊन पडतं. संपूर्ण तलाव ४ अंशांपर्यंत उतरायला जितके दिवस सलग कडाका हवा तितका इथे पडत नाही. म्हणून काठावर बर्फ आणि तलावात पाणी.

मग काश्मीरचा दल लेक कसा गोठतो? तिथे डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलाँ' हा कडाक्याच्या थंडीचा काळ असतो. रात्रीमागून रात्री तापमान शून्याखाली जातं आणि दिवसाही फारसं चढत नाही. शिवाय दल लेक फार खोल नाही, म्हणजे ठेवच कमी. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचं तापमान उणे ८.४ अंशांपर्यंत घसरलं, तेव्हा दल लेक गोठला होता. लोक हौसेने त्यावर चालायला लागले आणि प्रशासनाला "बर्फावर जाऊ नका" असं सांगावं लागलं. कारण वर बर्फ असला तरी खाली पाणीच असतं आणि बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते.

वर्षभर तलावात काय चालतं?

*हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी) :* वरचं पाणी थंड होऊन खाली जात राहतं. त्यामुळे वर-खाली पाणी मिसळतं आणि सगळीकडे तापमान जवळपास सारखं होतं. तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो. पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून त्यातून निघालेली वाफ थंड हवेत लगेच धुकं होऊन तरंगते. लोक म्हणतात, "तलाव उकळतोय जणू!" तो उकळत नाही, तो आपली ठेव खर्च करतोय.

*उन्हाळा (मार्च ते मे) :* ऊन वरून येतं, त्यामुळे वरचं पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं असतं, ते वरच राहतं. खालचं पाणी थंड आणि जड, ते खालीच राहतं. दोघं मिसळत नाहीत. उथळ तलावात वारा हे थर मोडून टाकतो. पण खोल जलाशयात ते महिनोन्महिने टिकतात. महाबळेश्वरहून तापोळ्याला गेलात तर तिथे शिवसागर जलाशय लागतो. हा कोयना धरणाचा जलाशय, आणि धरणाची उंची आहे १०३ मीटर. अशा जलाशयात वरचं पाणी कोमट आणि थोडं खाली गेलं की एकदम गार, असा अनुभव येतो. विहिरीत उडी मारणाऱ्या मुलांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं : "वर गरम लागतं, खाली पाय गारठतो."

*पावसाळा (जून ते सप्टेंबर) :* महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. थंड, गढूळ पाणी जोरात येतं, वारा असतो, ऊन नसतं. थर मोडतात. गढूळपणामुळे तळ दिसत नाही आणि पाण्याची पातळी भराभर वाढते. थंडीपेक्षा इथे प्रवाह आणि न दिसणारी खोली जास्त धोक्याची.

*पावसाळ्यानंतर (ऑक्टोबर) :* आकाश मोकळं होतं, ऊन लागतं, पाणी थोडं तापतं आणि मग पुन्हा हिवाळ्याची उतरण सुरू होते.

एक गोष्ट लक्षात आली का? पाणी नेहमी हवेच्या मागे असतं. हवा तापली तरी पाणी लगेच तापत नाही. हवा गार झाली तरी पाणी लगेच गार होत नाही. सहलीला जाणाऱ्यांनी नेमकं हेच ध्यानात ठेवायचं आहे.

थंड पाण्यात शरीराचं काय होतं?

आपल्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. पोहण्याच्या स्पर्धांच्या तलावातलं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. तेही उतरताना गारच लागतं की नाही? मग १५ अंशांचं पाणी कसं लागेल, विचार करा.

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. म्हणून १५ अंश हवेत आपण स्वेटर घालून तासन्‌तास फिरतो, पण १५ अंश पाण्यात तसं राहता येत नाही.

थंड पाण्यात अचानक पडलं की तीन गोष्टी क्रमाने होतात.

१. पहिलं एक ते तीन मिनिट : त्वचेला गारवा लागताच माणूस आपोआप एकदम "हाऽ" करून मोठा श्वास आत घेतो. हा श्वास थांबवणं आपल्या हातात नसतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणी आत जातं. मग धाप लागते, छाती धडधडते. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर हा धक्का फार जोराचा असतो. पट्टीचा पोहणारासुद्धा इथे फसू शकतो, कारण हा पोहण्याचा प्रश्नच नसतो, श्वासाचा असतो.

२. पुढची दहा ते तीस मिनिटं : हातापायांचे स्नायू गारठतात. बोटं वळत नाहीत, दोर धरवत नाही, पोहण्याचा जोर कमी होतो. पायाला गोळा येतो तोही बऱ्याचदा अशाच वेळी.

३. त्यानंतर : शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरायला लागतं. माणूस थरथरतो, गोंधळतो, सुस्तावतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

म्हणजे थंड पाण्यात माणूस "गारठून" जाण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच खरा धोका असतो.

गावोगावी आपण ऐकतो, "त्या डोहात आसरा ओढून नेतात", "तो तलाव दरवर्षी एक बळी घेतो." आपल्या आजी-आजोबांनी हे सांगितलं त्यामागे काळजी होती. मूल त्या डोहाकडे जाऊ नये, हा हेतू होता. तो हेतू आपण जपू या आणि कारण मात्र नीट समजून घेऊ या. काठापासून दोन पावलांवर अचानक उतरणारा तळ, पाय रुतणारा गाळ, खालचा गार थर आणि तो न थांबणारा पहिला श्वास : ओढून नेणारं असतं ते हे. त्यामुळे "मला पोहता येतं" एवढं पुरेसं नाही.

सहलीला जाणाऱ्यांनी काय करायचं?

*हिवाळ्यात वेण्णा लेकला गेलात तर*

- पहाटे हिमकण बघायला जरूर जा, पण धक्क्याच्या फळ्या आणि पायऱ्या निसरड्या असतात. लहान मुलांचा हात धरा. घसरून पाण्यात पडण्याची शक्यता याच वेळी जास्त.
- पहाटे पाण्यात हात घातला तर ते कोमट वाटतं. त्यावर विश्वास ठेवू नका! तुमचा हात थंड हवेने गारठलेला असतो, म्हणून १७-१८ अंशांचं पाणीही त्याला उबदार लागतं. सगळं अंग त्यात गेलं तर ते थंडच आहे.
- स्वेटर, शाल यांच्यावरून लाइफ जॅकेट घाला आणि पट्टे कमरेला नीट आवळा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकतं. फोटोसाठी ते काढू नका आणि बोटीत उभं राहू नका.
- कोणी भिजलं तर आधी ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडे कपडे द्या. ओल्या कपड्यातलं पाणी वाऱ्याने सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एक जादा कपड्यांचा जोड गाडीत असू द्या.

*उन्हाळ्यात धरणावर, नदीवर, विहिरीवर गेलात तर*

- वरचं पाणी कोमट आहे म्हणजे खालचंही तसंच असेल असं नाही. तापलेल्या अंगाने थेट उडी मारू नका. आधी पाय, मग हात, तोंड, मान भिजवा, हळूहळू उतरा.
- उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळाचे काठ उघडे पडतात. वरून कोरडे दिसतात, आतून ओले असतात.
- खोली माहीत नसलेल्या पाण्यात उतरायचं नाही. दगडखाणीत साठलेल्या पाण्यात तर नाहीच नाही, तिथे काठ सरळ कड्यासारखा खाली जातो.

*एप्रिल-मे महिन्यात हिमालयात गेलात तर*

आपली मंडळी मुलांच्या परीक्षा संपल्या की काश्मीर, हिमाचल, लडाखला जातात. तिथे तेव्हा दुपारी छान ऊन असतं. टी-शर्टवर फिरता येतं. पण तलाव आणि नद्यांमध्ये नुकतं वितळलेलं बर्फाचं पाणी असतं. हवा वसंतातली आणि पाणी अजून हिवाळ्यातलं! हवा आणि पाणी यांच्यात इतकी तफावत आपल्याकडे क्वचितच अनुभवायला मिळते, म्हणून आपण फसतो. सव्वाचार हजार मीटर उंचीवरचा पँगाँग लेक तर खारट पाण्याचा असूनही हिवाळ्यात गोठतो. अशा पाण्यात फोटोसाठी पाऊल भिजवायचं तेवढं भिजवा, पण पुढे जाऊ नका.

कोणी पाण्यात पडलंच तर?

स्वतः पडलात तर : पहिल्या क्षणी पोहण्याची धडपड करू नका. मान मागे टाका, तोंड वर ठेवा, हातपाय हलके हलवत तरंगत राहा. एक-दीड मिनिटात श्वास ताळ्यावर येतो. मग काठ किंवा बोट कुठे आहे ते बघा, ओरडा, आणि काठाकडे या.

दुसरं कोणी पडलं तर : मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडाले, अशा बातम्या आपण वाचतोच. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवा. दोर, ओढणी, साडी, लांब काठी, हवा भरलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे मिळेल ते त्याच्याकडे टाका. काठावर पालथं झोपून ओढा, म्हणजे तुम्ही आत जाणार नाही. ११२ किंवा १०८ वर फोन करा.

मुलांनो, हे वाक्य पाठ करा : हाक मारा, वस्तू टाका, उडी मारू नका.

करून पाहा : ताट आणि बादली

साहित्य : एक स्टीलचं ताट, एक बादली, पाणी, एक तापमापक (प्रयोगशाळेतला, तापाचा नको), वही.

कृती : हिवाळ्यातल्या एका निरभ्र दिवशी संध्याकाळी ताटात एक पेला पाणी आणि बादलीत काठोकाठ पाणी घ्या. दोन्ही एकाच पिंपातलं हवं. दोन्ही अंगणात किंवा गच्चीवर उघड्यावर ठेवा. संध्याकाळी ६ वाजता हवेचं, ताटातलं आणि बादलीतलं अशी तीन तापमानं लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता आणि दुपारी २ वाजता पुन्हा लिहा. असं पाच दिवस करा आणि आलेख काढा.

काय दिसेल? ताटाची रेघ हवेच्या रेघेबरोबर वर-खाली नाचेल, बहुतेक वेळा पहाटे ताट हवेपेक्षाही गार सापडेल. बादलीची रेघ मात्र संथ असेल. ताट म्हणजे काठावरचं दव आणि बादली म्हणजे वेण्णा लेक. बादलीएवढं पाणी इतकं संथ, तर २८ एकरांचा तलाव किती संथ असेल!

शिक्षकांसाठी सूचना : हा प्रयोग विहीर किंवा तलावावर नेऊ नका, बादली पुरेशी आहे. गावात शेतकरी असतील तर त्यांनाही वर्गात बोलवा. निफाडकडे थंडीची लाट आली की द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. जमिनीखालून आलेलं विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, हा अनुभव मुलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

विचार करा, उत्तरं लिहा

१. ढगाळ रात्री दहिवर का पडत नाही?
२. दोन तलाव एकाच गावात आहेत. एक १ मीटर खोल, दुसरा १० मीटर खोल. थंडीची लाट आल्यावर कोणता आधी गार होईल? का?
३. तळ्याचा वरचा थर गोठला तरी खाली मासे कसे जगतात? (सूचना : ४ अंशाचं पाणी कुठे असेल?)
४. तुमच्या गावातल्या पाण्याच्या ठिकाणी कोणती धोक्याची सूचना लावायला हवी? दोन ओळींत फलक तयार करा.

चौथ्या प्रश्नाचे फलक नुसते वहीत ठेवू नका. चांगले दोन निवडा, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीने उन्हाळी सुट्टी लागण्याआधी तलावाच्या, नदीच्या वाटेवर लावा. मुलांच्या हातचा फलक मोठी माणसंही थांबून वाचतात. आणि यंदा हिमकणांचा फोटो पेपरात आला की घरातल्यांना विचारा, "काठावर बर्फ आहे, मग तलावात का नाही?" उत्तर आता तुमच्याकडे आहे.